लघवीतली आम्लं जीसी-एमएसवर मोजताना

जीसी-एमएसच्या पडद्यावर लॅक्टिक आम्ल कधीच दिसत नाही. तिथे दिसतं ते त्याला दोन ट्रायमिथाइलसिलिल गट लावून तयार झालेलं दुसरंच संयुग. मूळ आम्लाचं वस्तुमान ९०, पडद्यावर येणाऱ्या संयुगाचं २३४. सक्सिनिक, मॅलिक, सायट्रिक, ग्लायसीन, अ‍ॅलनीन, सगळ्यांचं तसंच. हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं, प्रत्येक विद्यार्थी ते परीक्षेत लिहितो आणि नमुना हातात आला की विसरतो. मग एकाच नमुन्याचे आकडे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे का आले, याचं उत्तर तो यंत्रात शोधत बसतो. बहुतेक वेळा ते यंत्रात नसतं. नमुना बाटलीत पडल्यापासून सिरिंजमध्ये ओढला जाईपर्यंतच्या तासांत ते असतं, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या तासांसाठीच आहे.

उदाहरण लघवीचं घेतलं आहे. फळांचे रस, ताक, वाइन, जिवाणूंचं कल्चर यांतली आम्लंही याच यंत्रावर मोजतात, पण या पद्धतीचं खरं नाव झालं ते लघवीवर. १९६६ साली बोस्टनमध्ये के तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भावंडांचा छडा लावला. वारंवार आजारी पडणाऱ्या त्या मुलांच्या अंगाला घामेजल्या पायांसारखा वास यायचा. तो वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा, हे गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या जोडीने, म्हणजेच जीसी-एमएसने, सिद्ध झालं. ल्युसीन हे अमिनो आम्ल मोडण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम त्यांच्यात काम करत नव्हतं. त्यानंतर चयापचयाच्या जन्मजात दोषांपैकी कितीतरी याच रीतीने ओळखले गेले, आणि आजही नवजात बाळाच्या रक्तचाचणीत काही संशयास्पद निघालं की खात्रीसाठी लघवीची सेंद्रिय आम्लं बघायला सांगतात.

एक गोष्ट आधीच बजावून ठेवतो. विद्यापीठात शोधप्रबंधासाठी बसवलेल्या पद्धतीवरून कुणाच्या बाळाचं निदान करू नका, अगदी ओळखीच्या डॉक्टरांनी गळ घातली तरी. निदान करणारी प्रयोगशाळा वेगळी शिस्त पाळते. ती शिस्त काय असते हे पुढे ओघाने येईलच.

आता मुळाशी जाऊ. अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही लहान आम्लं उडून जाणारी आहेत. जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये गॅस-लिक्विड क्रोमॅटोग्राफी दाखवली ती अशाच बाष्पशील स्निग्ध आम्लांवर. सायट्रिक आम्ल मात्र तापवलं तर वाफ व्हायच्या आधी मोडतं. त्याच्या तीन कार्बॉक्सिल गटांमुळे आणि एका हायड्रॉक्सिलमुळे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. अमिनो आम्लांची तऱ्हा आणखी अवघड, कारण एकाच रेणूवर धन आणि ऋण दोन्ही प्रभार. म्हणून या गटांवरचा सैल हायड्रोजन काढून तिथे सिलिल गट बसवायचा, हेच सिलिलीकरण. असा प्रत्येक गट वस्तुमानात ७२ ची भर घालतो. लॅक्टिकला दोन, मॅलिकला तीन, सायट्रिकला चार. हे गणित पाठ असलं की मास स्पेक्ट्रम बघताना अर्धं काम तोंडी होतं.

नमुना घेण्यापासून सुरुवात करू. साधी, ताजी लघवी, पाच ते दहा मिलिलिटर, कुठलंही परिरक्षक न घालता, आणि लगेच बर्फात. जास्त दिवस ठेवायची असेल तर उणे २० अंश, शक्य झाल्यास उणे ८०. खोलीच्या तापमानाला पडून राहिलेल्या लघवीत जिवाणू वाढतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, आल्फा-किटोग्लुटारिक खाऊन टाकतात, आणि तुम्ही रुग्णाची नव्हे, जिवाणूंची तपासणी करता. बाळाला झटका आलेला असताना, उपास घडलेला असताना घेतलेला नमुना सगळ्यांत बोलका. बरं वाटल्यावर घेतलेल्या नमुन्यात काही दोष पूर्ण लपून राहतात. नमुन्यासोबत एक कागद हवाच: वय, काय खाल्लं, कुठलं औषध चालू आहे. हा कागद नसेल तर नमुना परत पाठवण्याइतका कडकपणा मी योग्य मानतो, आणि का ते पुढे कळेल.

लघवी किती घ्यायची? ठरावीक मिलिलिटर घेणं ही पहिली चूक. पाणी भरपूर प्यायलेल्याची लघवी पातळ असते. म्हणून आधी क्रिएटिनिन मोजा आणि प्रत्येक नमुन्यातून सारख्याच क्रिएटिनिनइतकी लघवी घ्या. निकालही मिलिमोल प्रति मोल क्रिएटिनिन असाच द्यायचा. तान्ह्या बाळाच्या लघवीत क्रिएटिनिन फार थोडं असतं, त्यामुळे या भागाकारात सगळीच आम्लं फुगून दिसतात. मोठ्यांच्या संदर्भमर्यादा बाळाला लावू नका.

पुढचं पाऊल अंतर्गत स्टँडर्डचं, आणि ते लघवी बाटलीत घेतल्याबरोबर घालायचं. शेवटी, सिलिलीकरणाच्या आधी घातलं तर मधल्या पायऱ्यांवर किती गेलं हे ते सांगू शकत नाही. अमिनो आम्लांसाठी नॉरव्हॅलीन किंवा नॉरल्युसीन चालतं, प्रथिनांत ही सापडत नाहीत. सेंद्रिय आम्लांसाठी ट्रोपिक आम्ल वापरणाऱ्या बऱ्याच प्रयोगशाळा आहेत. फेनिलब्युटिरिक आम्लाचा सल्ला कुणी दिला तर सावध राहा: ४-फेनिलब्युटिरेट हे युरिया चक्राच्या दोषांवरचं औषध आहे, आणि ज्या मुलांचे नमुने तुमच्याकडे येतील त्यांतलंच एखादं ते घेत असेल. मोजायचं आम्ल एकच असेल, उदाहरणार्थ मिथाइलमॅलोनिक, तर पैसे घालून त्याचं ड्युटेरियमवालं रूप घ्या. तीन ड्युटेरियम असलेलं मिथाइलमॅलोनिक आम्ल साध्या आम्लाबरोबरच अर्कात उतरतं, बरोबरच वाया जातं, जवळजवळ एकाच वेळी स्तंभातून बाहेर पडतं, फक्त मास स्पेक्ट्रोमीटरला ते तीन एककांनी जड दिसतं. त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही.

आता अर्क. नेहमीची रीत अशी: हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच १ ते २ वर आणायचा, मीठ घालून द्रावण संपृक्त करायचं, इथाइल अ‍ॅसिटेटने दोन-तीनदा हलवून वरचा थर काढून घ्यायचा, निर्जल सोडियम सल्फेटने त्यातलं पाणी टिपायचं आणि नायट्रोजनखाली सुकवायचं. आम्ल घालायचं कारण असं की प्रभार नसलेलं आम्लच सेंद्रिय थरात उतरतं. मीठ त्याला पाण्यातून बाहेर ढकलतं. या रीतीची मर्यादाही त्यातच आहे. अमिनो आम्ल अशा आंबट पाण्यातही प्रभारितच राहतं, त्यामुळे ते इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये येत नाही. सायट्रिकसारखी फार ध्रुवीय आम्लंही अर्धवटच उतरतात. म्हणजे एकाच अर्कात ‘आम्लं आणि अमिनो आम्लं दोन्ही’ हवी असतील तर ही वाट सोडावी लागेल.

त्यासाठी जपानी संशोधकांनी रुळवलेली युरिएजची पद्धत चांगली. लघवीत सगळ्यांत जास्त असतो तो युरिया, आणि सिलिलीकरण झालं की त्याचं एक अवाढव्य पीक तयार होतं. नेमकं त्याच परिसरात मिथाइलमॅलोनिक आम्ल बाहेर पडतं. युरिएज एन्झाइमने युरिया आधी मोडून टाकायचा, अल्कोहोलने प्रथिनं बसवायची, वरचं द्रावण सुकवायचं आणि सगळंच्या सगळं सिलिलीकरणाला घालायचं. आम्लं, अमिनो आम्लं, साखरा सगळं एका रनमध्ये दिसतं. किंमत मोजावी लागते ती गर्दीची: पीकवर पीक चढतं, लाइनर लवकर घाण होतो. दुसरा पर्याय म्हणजे नमुन्याचे दोन भाग करायचे, एकातून इथाइल अ‍ॅसिटेटने आम्लं काढायची आणि दुसरा धन-आयन विनिमय रेझिनवरून घालून, अमोनियाने अमिनो आम्लं उतरवून घ्यायची. काम दुप्पट, पण अचूक आकडा हवा असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

किटो आम्लांची वेगळी काळजी घ्यावी लागते. पायरुव्हिक, आल्फा-किटोग्लुटारिक, ल्युसीनपासून येणारं २-किटोआयसोकॅप्रोइक यांच्यातला किटो गट सिलिलीकरणात कधी इनॉल रूपात अडकतो, कधी नाही, आणि एका आम्लाची दोन-तीन पीक तयार होतात. अ‍ॅसिटोअ‍ॅसेटिक आणि ऑक्झॅलोअ‍ॅसेटिक तर गरम आंबट द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडून मोडूनच जातात. म्हणून आधी ऑक्झिमीकरण. सुकलेल्या नमुन्याला पिरिडीनमधलं मिथॉक्सिअमीन हायड्रोक्लोराइड, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, घालून ३० ते ३७ अंशांवर दीड तास ठेवायचं, मग सिलिलीकारक. इथाइल अ‍ॅसिटेटची वाट असेल तर ऑक्झिमीकरण आधी, लघवी अल्कधर्मी करून, आणि आम्ल घालणं त्यानंतर. ऑक्झिमची सिन आणि अँटी अशी दोन रूपं होतात, म्हणून असममित किटो आम्लाची दोन पीक जवळजवळ दिसली तर घाबरू नका, दोघांची बेरीज घ्या. मेपल सिरप युरिन रोगात अशीच किटो आम्लं साचतात, त्याचा संशय असताना ऑक्झिमीकरण टाळणं मला तरी समजत नाही.

सिलिलीकरण हा या सगळ्या कामाचा कणा. सेंद्रिय आम्लांसाठी बीएसटीएफए हा सिलिलीकारक, त्यात १ टक्का ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन, सोबत थोडं पिरिडीन, ६० ते ७० अंशांवर अर्धा ते एक तास. शत्रू एकच: पाणी. सिलिलीकारक आम्लाआधी पाण्याशी भिडतो. नमुन्यात ओल राहिली तर तो तिथेच खर्ची पडतो आणि आम्लं अर्धवट राहतात. अर्धवट म्हणजे तीनऐवजी दोन गट लागलेलं मॅलिक आम्ल, वेगळ्या वेळी येणारं, तुमच्या कॅलिब्रेशनमध्ये नसलेलं. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर ही कामं करणाऱ्यांनी अभिकर्मकाची लहान सीलबंद अँप्युल घ्यावी, उघडली की त्याच दिवशी संपवावी. डेसिकेटर नावाला ठेवून त्यातली निळी सिलिका गुलाबी झालेली बघत बसू नये. फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ आत जाऊन झाकणाखाली दव जमतं.

सुकवण्याची घाईही महागात पडते. नायट्रोजन जोरात सोडून, हीटिंग ब्लॉक ७० अंशांवर ठेवून लवकर मोकळं व्हायचा मोह होतो. लॅक्टिक, पायरुव्हिक आणि लहान हायड्रॉक्सी आम्लं त्या झोतात उडून जातात. हलका झोत, कोमट तापमान, आणि सुकल्यावर बाटली तशीच तापत न ठेवता लगेच उचलायची. हातमोजे घालायचे ते फक्त स्वतःला जपायला नाहीत. घामात लॅक्टिक आम्ल आणि अमिनो आम्लं असतात, बोटं लागलेल्या बाटलीत ती हजर होतात. प्लॅस्टिकच्या टिपा आणि नळ्यांतून थॅलेट येतात, त्यांची खूण १४९. प्रत्येक बॅचमध्ये पाण्याचा एक ब्लँक सगळ्या पायऱ्यांतून न्या. ब्लँकमधलं लॅक्टिक बघितल्याशिवाय नमुन्यातल्या लॅक्टिकवर बोलू नका.

अमिनो आम्लांसाठी बीएसटीएफए मला पसंत नाही. कारण ग्लायसीन. त्याच्या अमिनो गटावर दोन हायड्रोजन, त्यामुळे कधी दोन गट लागलेलं रूप येतं (ठळक आयन १०२), कधी तीन लागलेलं (१७४), आणि दोघांचं प्रमाण तापमान, वेळ आणि ओल यांवर हलत राहतं. अ‍ॅलनीन, ल्युसीन यांच्यातही थोडंफार असंच. एमटीबीएसटीएफए हा दुसरा सिलिलीकारक वापरला तर जागेअभावी अमिनो गटावर सहसा एकच मोठा गट बसतो, रूप एकच राहतं, ओलाव्यालाही ते कितीतरी जास्त टिकतं. इथे प्रत्येक गट वस्तुमानात ११४ ची भर घालतो आणि मास स्पेक्ट्रममध्ये ब्युटिल गट गळून पडल्याचं, म्हणजे मूळ वस्तुमानातून ५७ गेल्याचं, ठळक पीक मिळतं: ग्लायसीनला २४६, अ‍ॅलनीनला २६०, व्हॅलीनला २८८, ल्युसीन आणि आयसोल्युसीनला ३०२. त्या खंडात अमिनो आम्लाचे सगळे कार्बन शाबूत असतात, म्हणून कार्बन-१३ वापरून चयापचयाचा प्रवाह मोजणारे हीच रीत धरतात. त्यांनी मात्र सिलिकॉनचं विसरू नये. निसर्गातल्या सिलिकॉनमध्ये २९ वस्तुमानाचा सुमारे ४.७ टक्के आणि ३० चा सुमारे ३.१ टक्के असतो, आणि ती भर वजा न करता काढलेला कार्बन-१३ चा आकडा निरर्थक आहे.

सायट्रिकला मात्र एमटीबीएसटीएफए जड जातं. चार गट लागून त्याचं वस्तुमान ६४८ होतं, खूण ५९१, आणि तुमची स्कॅन मर्यादा ५५० वर थांबली असेल तर ती दिसणारच नाही.

आणखी एक वाट क्लोरोफॉर्मेटची. इथाइल क्लोरोफॉर्मेट, अल्कोहोल आणि पिरिडीन पाण्यातल्या नमुन्यात घातले की काही सेकंदांत ते अमिनो आणि आम्ल दोन्ही गट झाकतं. प्राग इथल्या पेत्र हुशेक यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही रीत लोकप्रिय केली. सुकवायची कटकट नाही, वेग भरपूर. डोळ्यांना झोंबणारं आणि विषारी द्रव्य असल्याने काम फ्यूम हुडमध्येच. आर्जिनीन या मार्गानेही नीट येत नाही.

आर्जिनीनचं दुखणं सगळीकडेच आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर. सिलिलीकरणात ते मोडून ऑर्निथीन होतं. सिट्रुलीनही. म्हणजे जीसी-एमएसवरचं ‘ऑर्निथीन’ हे कधी तीन वेगवेगळ्या अमिनो आम्लांची मिसळ असू शकतं. ग्लुटामिन गरम झालं की वळून पायरोग्लुटामिक आम्ल होतं, आणि पायरोग्लुटामिक आम्ल वाढणं हा स्वतंत्र आजारही आहे. पॅरासिटामॉल दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते वाढतं. मग तुमच्या पडद्यावरचं १५६ चं उंच पीक बाळाच्या शरीरातून आलं की हीटिंग ब्लॉकमधून? शुद्ध ग्लुटामिन एकटं घेऊन त्याच पायऱ्यांतून नेलं आणि किती पायरोग्लुटामिक झालं ते बघितलं तरच उत्तर मिळतं. युरिया चक्राचे दोष, जिथे आर्जिनीन आणि सिट्रुलीन हेच निदान, तिथे जीसी-एमएसचा हट्ट धरू नये. निनहायड्रिनवाला अमिनो अ‍ॅसिड अ‍ॅनालायझर किंवा एलसी-एमएस तिथे सरस. यंत्र विभागात आहे म्हणून सगळं त्याच्यावरच मोजायचं, ही वृत्ती आपल्याकडे जरा जास्तच आहे.

यंत्राची मांडणी त्यामानाने सोपी. ५ टक्के फिनाइल असलेला डायमिथाइलपॉलिसिलोक्सेनचा स्तंभ, ३० मीटर लांब, ०.२५ मिलिमीटर व्यास, ०.२५ मायक्रोमीटर थर. हेलियम मिनिटाला १ मिलिलिटर. ओव्हन ७० अंशांपासून मिनिटाला ५ ते १० अंश चढवत ३०० पर्यंत, इंजेक्टर २५०, आयन स्रोत २३०, इलेक्ट्रॉनची ऊर्जा ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा वॅक्स स्तंभ चुकूनही लावू नका, सिलिलीकारक त्याच्या थराशीच अभिक्रिया करतो. सुरुवातीला द्रावक जाईपर्यंत फिलामेंट बंद ठेवतात. तो वेळ उगाच दोन मिनिटं जास्त ठेवला तर पायरुव्हिक आणि लॅक्टिक त्यातच निघून जातात आणि ‘लॅक्टिक आढळलं नाही’ असा अहवाल तयार होतो. २०७ आणि २८१ चे आयन चढत गेले तर स्तंभ झडतो आहे. १८, २८, ३२ वाढले तर कुठेतरी हवा शिरते आहे. मॅलिक आणि सायट्रिकच्या पीकना शेपूट फुटली तर स्तंभ बदलण्याआधी लाइनर बदला, तो स्वस्त आहे. आणि यूपीएस. वीज गेल्यावर टर्बो पंप थांबतो, गरम स्रोतात हवा जाते, पुढचे दोन दिवस बेसलाइन परत जमवण्यात जातात.

आता पडद्यावर काय बघायचं. ७३ आणि १४७ हे सगळीकडे दिसतील, ७३ म्हणजे सिलिल गट स्वतः, १४७ म्हणजे रेणूवर असे किमान दोन गट होते. त्यांच्यावरून कुठलंही आम्ल ओळखता येत नाही, पण लायब्ररीचा जुळणी-गुणांक त्यांच्यामुळेच फुकटचा वाढतो. कामाचा आयन म्हणजे मूळ वस्तुमानातून १५ वजा केलेला, एक मिथिल गळून उरलेला: लॅक्टिकला २१९, फ्युमॅरिकला २४५, मॅलिकला ३३५, सायट्रिकला ४६५. सायट्रिकला २७३ हाही ठळक.

मिथाइलमॅलोनिक आणि सक्सिनिक इथेच फसवतात. दोघांचं वस्तुमान ११८, दोघांना दोन गट, दोघांचा २४७. लघवीत सक्सिनिक नेहमीच असतं. केवळ २४७ चा आयन काढून मोजलात आणि पीक कुठल्या वेळेचं हे नीट तपासलं नाहीत, तर निरोगी बाळाला गंभीर आजार चिकटवाल. मिथाइलमॅलोनिक स्तंभातून आधी येतं, सक्सिनिक नंतर. वेळ मिनिटांत लक्षात ठेवू नका, स्तंभ कापला की ती सरकते. एन-अल्केनांची मालिका यंत्रात घालून धारणा-निर्देशांक काढा, तो वर्षानुवर्षं टिकतो. पीक एकमेकांवर चढलेली असतील तर एनआयएसटीचं एएमडीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर ती वेगळी करून देतं, पण तेही सुचवतं, ठरवत नाही. शुद्ध स्टँडर्ड त्याच दिवशी, त्याच स्तंभावर सोडून वेळ आणि मास स्पेक्ट्रम दोन्ही जुळले तरच ओळख पक्की. ड्युटेरियमवालं स्टँडर्ड घातलं असेल तर त्याचा आयन २५० वर, त्याच जागी, अगदी क्षणभर आधी दिसेल.

कॅलिब्रेशनची व्याप्ती आधी ठरवा. निरोगी लघवीत मिथाइलमॅलोनिक आम्ल बहुधा एक अंकी (मिलिमोल प्रति मोल क्रिएटिनिन) असतं, तीव्र मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडेमियात ते हजारांत जातं. एकाच सरळ रेषेने दोन्ही टोकं मोजायचा प्रयत्न फसतो. कमी पातळीची एक रेषा ठेवा, त्यापुढचा नमुना विरळ करून परत चालवा. असा प्रचंड नमुना गेल्यावर पुढे द्रावकाचा रिकामा रन घाला, नाहीतर पुढच्या बाळात त्याचा अंश दिसेल. सगळ्या बाटल्यांना सकाळी एकदम अभिकर्मक घालून ऑटोसॅम्पलरच्या ट्रेवर मांडायची सवय सोडा. शेवटची बाटली वीस तास थांबते, पहिली थांबत नाही. लहान तुकड्यांत करा, आणि रुग्ण व निरोगी नमुने मिसळून लावा. निदानासाठी काम करणाऱ्या प्रयोगशाळा ईआरएनडीआयएमसारख्या बाह्य गुणवत्ता योजनेत भाग घेतात: अनोळखी नमुना येतो, तुम्ही आकडा कळवता, जगभरच्या प्रयोगशाळांशी तो ताडून बघितला जातो. वर म्हटलेली शिस्त ती हीच.

अर्थ लावताना तो नमुन्यासोबतचा कागद उघडा. बाळाला एमसीटी तेल चालू असेल तर अ‍ॅडिपिक, सुबेरिक, सेबॅसिक आम्लं वाढतात, आणि स्निग्ध आम्लांच्या चयापचयाचा दोष वाटतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलाच्या लघवीत त्या औषधाची स्वतःची आम्लं रांगेने येतात. बेंझोएट घातलेल्या सरबतांमुळे हिप्पुरिक वाढतं. पिव्हॅलेट असलेल्या प्रतिजैविकांमुळे रक्ताच्या चाचणीत आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडेमियासारखं चित्र दिसतं. तिथे लघवीतलं आयसोव्हॅलेरिलग्लायसीन बघूनच खरंखोटं होतं. हे आयसोव्हॅलेरिलग्लायसीन एक गट आणि दोन गट लागलेल्या दोन रूपांत येतं, दोन्ही शोधा.

मिथाइलमॅलोनिकबाबत महाराष्ट्रात एक गोष्ट सतत ध्यानात ठेवायला हवी. हे आम्ल पुढे मोडायला जीवनसत्त्व बी-१२ लागतं, म्हणून बी-१२ कमी असेल तरी ते वाढतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत सुमारे दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी आणि ९० टक्के मातांत मिथाइलमॅलोनिक आम्ल जास्त होतं. अशा आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या लघवीत ते माफक वाढलेलं निघालं तर पहिला प्रश्न जनुकाचा नसतो, आईच्या आहाराचा असतो. मिथाइलसायट्रिक आम्ल, होमोसिस्टीन, रक्तातलं बी-१२ यांच्या जोडीनेच त्याचा अर्थ लागतो, आणि तो डॉक्टरांनी लावायचा. उलट मिथाइलसायट्रिक आणि ३-हायड्रॉक्सिप्रोपिऑनिक वाढलेलं पण मिथाइलमॅलोनिक नेहमीइतकंच, असं दिसलं तर प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमियाचा विचार होतो.

फळांच्या रसावर काम करणाऱ्यांना दोन शब्द. नाशिकच्या द्राक्षांतलं टार्टारिक आणि मॅलिक मोजायला जीसी-एमएस म्हणजे अकारण खर्च, साधं एचपीएलसी पुरतं. साखरेचे डोंगर इथे युरियाची जागा घेतात. कोकमाचं प्रकरण वेगळं: त्यातलं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल तापवताना, सुकवताना वळून लॅक्टोन होतं. म्हणून मूळ आम्ल आणि लॅक्टोन दोन्हींची स्टँडर्ड घ्या आणि बेरीज कळवा.

अहवालात आकड्याशेजारी एकक, वयानुसार संदर्भमर्यादा आणि तुमची शोधमर्यादा लिहा. ‘नाही’ असं न लिहिता ‘इतक्यापेक्षा कमी’ असं लिहा. नमुना झटका आलेला असताना घेतला की बरं असताना, तेही नोंदवा. उरलेली लघवी छोट्या बाटल्यांत वाटून उणे ८० वर ठेवा, म्हणजे शंका आली तर एकच बाटली वितळवावी लागेल आणि बाकीच्या पुन्हा गोठवाव्या लागणार नाहीत.